एक बाजू आणि दोन कोन

शाळेतली पोरं त्यांना तोंडावर भूमितीबाई म्हणत आणि पाठीमागे ‘काटकोन’. पाठीचा कणा ताठ, बोलणं त्याहून ताठ. एकदा दिलेला गुण बाईंनी आयुष्यात कधी फिरवला नव्हता.

आणि त्या एका गोष्टीपायी सख्खी बहीण दुरावली होती. धाकटीचा एकुलता एक मुलगा बाईंच्याच वर्गात होता. लाडाचं नाव टिल्लू, पण उंची अशी की दारातून वाकून यायचा. शेवटच्या परीक्षेत तो भूमितीत नापास झाला. थोडक्यात गेला होता. धाकटी घरी आली, हात जोडले, शेवटी रडली. बाई म्हणाल्या, “उत्तरपत्रिकेवर नातं लिहिलेलं नव्हतं.” टिल्लूचं कॉलेज हुकलं. पुढे युद्ध पेटलं, सक्तीची भरती आली, कॉलेजातल्या मुलांना सूट मिळाली आणि टिल्लूच्या अंगावर वर्दी चढली. त्या दिवसापासून धाकटीने बाईंना ‘ताई’ म्हणायचं सोडलं. समोर आली तर रस्ता बदलायची. विळ्या-भोपळ्याचं सख्य परवडलं, असं त्या दोघींचं झालं.

गावाच्या नदीवर एक लोखंडी पूल होता आणि सगळी रसद त्याच पुलावरून जायची. शत्रूच्या डोळ्यांत तो न सलता तरच नवल. दर दोन-तीन दिवसांनी दुपारी एक विमान यायचं. एकटं, पांढुरकं, इतकं उंच की आधी आवाज यायचा आणि मान दुखेपर्यंत शोधल्यावर विमान सापडायचं. नदीच्या रेषेवरून सरळ जायचं, वळायचं, तस्संच परत यायचं. बॉम्ब टाकायचं नाही, नुसते फोटो काढायचं. पण ते येऊन गेलं की लगेच दुसऱ्या दिवशी बॉम्ब टाकणारी मोठी विमानं यायची, आणि पुलाची डागडुजी नेमकी कुठे झाली हे त्यांना आपल्या घरासारखं ठाऊक असायचं. त्यांचा नेम पुलावरून चुकला की गाव सापडायचं.

पुलापाशी चार विमानतोफा होत्या. पण असल्या तोफेचा गोळा विमानाला थेट लागत नाही. तो त्याच्याजवळ जाऊन फुटावा लागतो, आणि किती उंचीवर फुटायचं हे आधी ठरवून गोळ्याच्या टोकाची कडी फिरवावी लागते. उंची मोजायचं यंत्र पहिल्याच हल्ल्यात चक्काचूर झालं होतं. नवीन येतंय, येतंय, असं सगळेच म्हणत होते. तोवर तोफखान्याचा कप्तान अंदाजाने कडी फिरवायचा, आणि गोळे आभाळात कापूस पिंजल्यासारखे फुटून जायचे.

बाई एक दिवस सरळ त्याच्या तंबूत जाऊन उभ्या राहिल्या.

“उंची मी काढून देते,” त्या म्हणाल्या.

कप्तानाने मान वर केली नाही. “कशाने? पट्टीने?”

“त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन कळले की अख्खा त्रिकोण कळतो. नदी इथे आठ किलोमीटर फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ आहे, आणि विमान नदीवरूनच जातं. वरच्या टोकाला माझ्या शाळेची गच्ची, खालच्या टोकाला पाण्याची टाकी. दोन्हीकडे एकेक माणूस उभा करा. विमान मध्ये असताना दोघांनी एकाच क्षणी त्याच्यावर नळी रोखायची आणि नळी किती अंश वर झुकली ते वाचायचं. बाजू आठ किलोमीटर, कोन दोन. उंची हातात.”

“एका माणसाने भागत नाही?”

“एका डोळ्याला अंतर कळत नाही. तुमचे गोळे विमानाच्या खाली फुटतात की वर, ते तरी तुम्हाला इथून कळतं का? धूर आणि विमान एकावर एकच दिसणार.”

हे वाक्य कप्तानाला झोंबलं, कारण ते खरं होतं. “बाई,” तो म्हणाला, “तुमच्या फळ्यावर विमानं पडत असतील. माझ्याकडे माणसं मरतात. चूक झाली तर मी तुम्हाला लहान पोरासारखं कोपऱ्यात उभं करणार नाही, तुरुंगात टाकेन.” पण त्याच्याकडे दुसरा उपायही नव्हता. त्याने शाळेतल्या लाकडी कोनमापकासारखे दोन मोठे कोनमापक सुताराकडून करून घेतले, त्यांना पत्र्याची नळी आणि ओळंबा बसवला, दोन्ही स्वतः तपासले आणि टेलिफोनची तार ओढली.

टाकीवर माणूस कोण, हा प्रश्न उरला. हलत्या वस्तूवर नळी रोखून घाईत अचूक अंश वाचणारा माणूस रस्त्यावर मिळत नाही. जमीन-मोजणी खात्यातले पुरुष आघाडीवर गेले होते. मागे एकच मोजणीदार उरली होती, आणि तिच्या हातून चूक होत नाही असं सगळं खातं सांगत होतं. कप्तानाने तिला बोलावून घेतलं. तंबूत शिरताच तिने बाईंकडे पाहिलं आणि कप्तानाला म्हणाली, “या बाई असतील तर मी नाही.”

“ओळख आहे तुमची?”

“माझी सख्खी बहीण आहे,” धाकटी म्हणाली. दुसरी एखादी बाई जसं ‘मला जुना दमा आहे’ असं सांगेल, तसं.

“तुमचा मुलगा माझ्या दोन नंबरच्या तोफेवर आहे ना?” कप्तानाने विचारलं. धाकटीला वाटलं असावं, हा धमकी देतोय. बाईंनाही तसंच वाटलं. तिने टाकीची किल्ली घेतली आणि निघून गेली.

बाईंनी शाळेतला एक फळा गच्चीवर चढवून घेतला. त्यावर तेलरंगाने कोष्टक आखलं. आडव्या ओळीत आपला कोन, उभ्या रकान्यात बहिणीचा कोन, आणि दोन्ही जिथे भेटतील तिथे विमानाची उंची. आयत्या वेळी हिशेब करायला नको, नुसतं बोट ठेवायचं. विमान पहिल्या फेरीत जाताना तीनदा कोन घ्यायचे, त्यावरून उंची ठरवायची, आणि ते परत फिरलं की तोफा सुटायच्या.

पहिल्या दिवशी तारेवर बाई म्हणाल्या, “मी ‘आता’ म्हटलं की वाच. लगेच. विमान एका सेकंदात शंभर मीटर जातं.”

“मला शिकवू नकोस. मी तुझ्या वर्गात नाही.”

“वर्गात असतीस तर—”

“तर नापास केलं असतंस. माहीत आहे. विमान आलं.”

बाईंनी नळी रोखली. “आता!” स्वतःचा कोन खडूने लिहिला. तारेवरून आकडा आला, कोरडा, स्पष्ट, क्षणाचाही उशीर न करता. कोष्टकावर बोट ठेवून त्यांनी दुसऱ्या तारेवर कप्तानाला उंची सांगितली, साडेपाच हजार मीटर. विमान वळून आलं. तोफा कडाडल्या. विमानाच्या भोवती, निदान खालून तरी भोवती वाटावेत असे, धुराचे पुंजके उठले आणि विमान त्यांतून आरामात निघून गेलं.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. कप्तान तारेवरून ओरडला, “हात दाखवून अवलक्षण करून घेतलं मी! याहून माझा अंदाज बरा होता!” गावातही बभ्रा झाला. भाजीवालीने बाईंना टोमणा मारला, “बाई, आमच्या छपराची उंची मोजून देता का? तेवढं तरी जमेल.” चूक कुठे आहे ते सापडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही बाईंची जुनी सवय.

मग मोठी विमानं आली. पुलाचा एक गाळा गेला आणि काठावरच्या नळावर रांगेत उभी असलेली माणसं गेली. त्यांत शाळेचा म्हातारा शिपाई होता. फळा गच्चीवर चढवताना तो कुरकुरला होता की या वयात हमाली करायला लावता, आणि बाईंनी त्याला झिडकारलं होतं. त्याच्या बायकोला भेटायला गेल्या तेव्हा तिने दार उघडलं, बाईंना ओळखलं आणि ते पुन्हा लावून घेतलं.

त्या दिवशी बाई गच्चीवर फळ्यासमोर बसून राहिल्या. तीन दिवसांचे खडूचे आकडे कोपऱ्यात तसेच होते. आतापर्यंत त्या तीन वाचनांची सरासरी काढून मोकळ्या होत होत्या. आज त्यांनी तिन्ही उंच्या वेगवेगळ्या मांडल्या. विमान शाळेजवळ असताना उंची पाच हजार चारशे. नदीच्या मध्यावर साडेपाच हजारांच्या वर. टाकीजवळ साडेपाच हजार आणि आणखी शंभर-दीडशे. आदल्या वेळी विमान उलट्या दिशेने, टाकीकडून शाळेकडे आधी आलं होतं. त्या दिवशी ते याच आकड्यांनी खाली उतरत आलं होतं.

म्हणजे विमान बहिणीकडे जाताना चढतं आणि माझ्याकडे येताना उतरतं? बाई स्वतःशीच हसल्या. फोटो काढणारं विमान असं जिना चढल्यासारखं उडत नाही. उंची बदलली की फोटोचं माप बदलतं, नकाशा जुळत नाही. ते पाण्याच्या पातळीसारखं सपाटच उडणार. मग चढत होता तो कोन. दोघींतला एक कोन खोटा होता.

आधी आपलंच माप तपासावं, म्हणून त्यांनी आपली नळी वीटभट्टीच्या धुराड्यावर रोखली. धुराड्याची उंची सगळ्या गावाला ठाऊक होती, अंतर त्यांनी स्वतः मोजलं होतं. कोन बरोबर आला. पुन्हा घेतला, पुन्हा बरोबर. मग त्यांनी खडू उचलला आणि बहिणीच्या प्रत्येक कोनात एक अंश मिळवून पाहिला, मग दोन, मग तीन. चार मिळवल्यावर तिन्ही उंच्या एका ओळीत आल्या. सहा हजार, सहा हजार, सहा हजार. विमान सपाट झालं. दुसऱ्या दिवसाच्या आकड्यांत चार मिळवले. सपाट. तिसऱ्या दिवसाच्या. सपाट.

गोळे जवळजवळ अर्धा किलोमीटर खाली फुटत होते.

तिचा कोनमापक कप्तानाने तपासलेला होता. हात चुकत असता तर चूक कधी इकडे, कधी तिकडे गेली असती. दर वेळी चारच अंश आणि दर वेळी कमीच, ही चूक नव्हती. लहानपणी एकाच पाटीवर दोघी बेरजा करायच्या, तेव्हाही धाकटीला खोटं बोलायचं असलं की ती फार नीटनेटकं बोलायची.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई टाकीवर गेल्या. लोखंडी शिडी चढून दम लागला. धाकटी वर एका स्टुलावर बसून नळी पुसत होती.

“चार अंश,” बाई म्हणाल्या.

धाकटीने नळी पुसणं थांबवलं नाही. “आठवडा लागला तुला. मला वाटलं होतं दोन दिवसांत ओळखशील.”

“का?”

“खाली बघ.” तिने फडक्याने पुलाकडे बोट केलं. वाळूच्या पोत्यांमागे चार तोफा होत्या आणि त्यांच्याभोवती मुंग्यांएवढी माणसं. “तो उंच दिसतोय ना, तो माझा. आजवर त्या विमानांनी तोफांकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही. का पाहतील? न चावणाऱ्या कुत्र्याला कोण दगड मारतं? ज्या दिवशी नेम लागेल, त्या दिवशी ते आधी तोफांवर येतील.”

“नळावर माणसं मेली. शिपाई मेला आमचा.”

“माझं कोणी मेलं नाही.”

“लाज वाटते का तुला?”

“मला?” धाकटी आता उभी राहिली. “त्याला तिथे मी उभं केलं? चार गुण हवे होते, चार! तू दिले नाहीस. मी चार अंश काढून घेतले. फिटंफाट.”

“त्याने प्रमेय चुकीचं सिद्ध केलं होतं.”

“अजून तेच! अगं, पोरगा तोफेवर आहे आणि तू अजून प्रमेय तपासतेयस!” ती जवळ आली. तिच्या तोंडातून थुंकी उडत होती. “जा, सांग कप्तानाला. फितुरीला काय शिक्षा आहे माहीत आहे ना? भिंतीशी उभं करतील मला. भाच्याचं झालं, आता बहिणीचं उरक. तुझ्या हाताला सवय आहे.”

बाई शिडीवरून खाली उतरल्या. कप्तानाच्या तंबूवरूनच रस्ता जात होता. कप्तान बाहेर उभा राहून दाढी करत होता. “काय बाई, सापडली चूक?” त्याने कुत्सितपणे विचारलं.

“सापडली. माझ्या कोष्टकात होती. आजपासून होणार नाही,” बाई म्हणाल्या. खोटं बोलताना जीभ अडखळली, पण कप्तान ती शरमच समजला.

गच्चीवर येऊन त्यांनी फळ्यावर दुसरं कोष्टक आखलं, बहिणीच्या कोनात आधीच चार मिळवलेलं. तिने वाचावं तेवढं खोटं, आपण गुपचूप खरं करून घ्यायचं. तिला शिक्षा नको आणि गावही मरायला नको. पण टिल्लू? या प्रश्नापाशी त्यांचा खडू दोनदा मोडला. मग शिपायाच्या बायकोचं लागलेलं दार आठवलं आणि त्यांनी कोष्टक पुरं केलं.

विमान त्याच दुपारी आलं.

“आता!”

“सत्तेचाळीस,” धाकटी म्हणाली.

“आता!”

“सत्तावन्न.”

“आता!”

“सत्तर.” आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

बाईंनी नव्या कोष्टकावर बोट ठेवलं. पहिली उंची मोठी आली, दुसरी तिच्याहून लहान, तिसरी आणखी लहान. विमान आज बहिणीकडे जाताना उतरत होतं. त्या गोंधळल्या. विमान वळायला लागलं होतं. कप्तान दुसऱ्या तारेवर ओरडत होता, “उंची! बाई, उंची!” बाईंचं बोट जुन्या कोष्टकावर गेलं, काही न मिळवलेल्या. पहिली उंची, दुसरी, तिसरी. तिन्ही सारख्या. सपाट.

तिने आज खरे कोन दिले होते.

“पाच हजार आठशे,” बाई म्हणाल्या.

तोफा सुटल्या. धुराचे पुंजके उठले आणि यावेळी विमान त्यांतून बाहेर पडलं ते एका बाजूला कलून. मग त्याच्या पोटातून काळी रेघ निघाली. ते हळूहळू, जणू काही हरवलेलं शोधत असल्यासारखं खाली आलं आणि टेकड्यांच्या पलीकडे गेलं. गावात आरोळ्या उठल्या. लोक रस्त्यावर नाचले. भाजीवालीने शाळेकडे पाहून हात हलवला. बाई मात्र फळ्याला टेकून खाली बसल्या. त्या विमानातही कोणाचातरी पोरगा असणार, हे त्यांच्या मनात आलं, आणि हे आताच का आलं, आधी का नाही, याचा त्यांना संताप आला.

संध्याकाळ व्हायच्या आत मोठी विमानं आली. पुलाकडे त्यांनी पाहिलंच नाही. थेट तोफांवर आली.

बाई धावत पुलापाशी पोहोचल्या तेव्हा चारांपैकी दोन तोफा उलट्या पडल्या होत्या. कप्तानाच्या डोक्यातून रक्त येत होतं आणि तो नावं पुकारत होता. काही नावांना उत्तर येत नव्हतं. टिल्लू वाळूच्या पोत्यांखाली सापडला. जिवंत होता. डावा हात मनगटापासून गेला होता आणि दोन्ही कानांतून रक्त येत होतं. धाकटी त्याच्याजवळ आधीच पोहोचली होती. टाकीपासून इतकं अंतर ती कशी धावली, देव जाणे.

टिल्लूने मावशीला पाहिलं आणि मोठ्याने, फारच मोठ्याने, म्हणाला, “मावशी, पाडलं बघ आम्ही! पाहिलंस ना?” बाई “पाहिलं” म्हणाल्या, पण त्याला ऐकू गेलं नाही. तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

पूल उभा राहिला. रसद जात राहिली. नवीन यंत्र आलं आणि फळा पुन्हा वर्गात गेला. कप्तानाने डोक्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत शाळेत येऊन बाईंचे आभार मानले. ते बाईंना तोंडात मारल्यासारखे लागले.

टिल्लूला इस्पितळात भेटायला बाई रोज जात, पण धाकटी घरी गेलेली असेल तेव्हाच. एक दिवस मात्र वेळ चुकली. खोलीत धाकटी बसलेली होती, मुलाला झोप लागली होती. परत फिरावं असं बाईंना वाटलं, पण जे विचारायचं होतं ते पुढे ढकलणं त्यांच्याने होईना.

“त्या दिवशी खरे कोन का दिलेस?”

धाकटी मुलाच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून पुसत होती.

“तू चार मिळवशील म्हणून,” ती म्हणाली. “खरे दिले की तुझे गोळे वर फुटणार होते. एवढंच.”

ते अगदी नीटनेटकं उत्तर होतं. शिपायाबद्दल ऐकून तिचं मन खरंच फिरलं होतं का, आणि आता ते कबूल करायला जीभ रेटत नव्हती? की त्या क्षणीही ती आपल्या पोराला वाचवायला बहिणीवर डाव टाकत होती? बाईंनी तिच्या चेहऱ्यावर पुन्हा पुन्हा शोधलं. मोजायला तिथे काहीच नव्हतं.

“मग तू न मिळवताच उंची कशी काय सांगितलीस?” आता धाकटीने विचारलं. “मिळवणारच होतीस ना?”

“तिन्ही उंच्या सारख्या आल्या.”

“हं,” धाकटी म्हणाली. “तुला त्याहून जास्त काही कधी दिसलंच नाही.”

टिल्लू झोपेत कुशीवर वळला. धाकटीने त्याचं पांघरूण सारखं केलं आणि मान न वळवता म्हणाली, “जाताना दार लावून घे. त्याला वारा लागतो.”

बाई उठल्या. भाच्याच्या पायाशी क्षणभर उभ्या राहिल्या, मग बाहेर आल्या आणि दार आवाज न करता लावून घेतलं.